भावनांना ‘नकारात्मक’ ठरवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मानसिक आरोग्याविषयीचा मजकूर आता नियमितपणे येऊ लागला आहे, याचे वीसहून अधिक वर्षे समुपदेशन आणि मानसोपचाराचे काम करणारी एक व्यक्ती म्हणून मला मनापासून समाधान वाटते. मात्र या मजकुरात एक शब्दप्रयोग इतक्या सहजपणे आणि इतक्या वारंवार येतो, की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘नकारात्मक भावना’. राग, दुःख, भीती, मत्सर, अपराधीपणा या साऱ्यांना एका गाठोड्यात बांधावे, ते गाठोडे मनाबाहेर फेकून द्यावे आणि मन सकारात्मक झाले की व्यक्तिमत्त्वाचा विकास आपोआप होतो, असा या लेखांचा साधारण सूर असतो. त्यामागच्या सद्भावनेविषयी मला शंका नाही. परंतु या सल्ल्याचे ओझे कोण वाहते, हे मी रोज समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसांत पाहते.

माझ्याकडे येणारी माणसे बहुधा दोन दुःखे घेऊन येतात. पहिले दुःख जे घडले त्याचे असते: कोणी गेलेले असते, नाते तुटलेले असते, नोकरी सुटलेली असते. दुसरे दुःख हे की, इतके दिवस झाले तरी पहिले दुःख अजून होतेच आहे. (पुढे मी जी उदाहरणे देते आहे, ती कोणाचीही ओळख पटू नये म्हणून अनेकांच्या अनुभवांतून एकत्र गुंफलेली आहेत.) आई जाऊन आठ महिने झालेला एक मुलगा पहिल्या भेटीत आईविषयी जेमतेम पाच मिनिटे बोलला. उरलेला सगळा वेळ तो स्वतःवर आरोप करत होता. ‘मी फार निगेटिव्ह झालो आहे, रोज सकाळी चांगली वाक्ये म्हणतो तरी फरक पडत नाही, माझ्यातच काहीतरी कमी आहे,’ असे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आईसाठी रडण्याची मुभा त्याला कोणी दिलेली नव्हती, आणि दुःखातून लवकर बाहेर पडण्याचा सल्ला मात्र ज्याने त्याने दिलेला होता.

त्या मुलाच्या ‘मी निगेटिव्ह झालो आहे’ या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. मराठीत आपण ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटली’, ‘मला दुःख झाले’ असे म्हणतो. या वाक्यरचनांत भावना येते, वाटते, होते. ज्याला ती जाणवते तो माणूस तिच्यापासून वेगळा उभा असतो, आणि जे येते ते जाऊही शकते, एवढी जागा त्या वाक्यात राखलेली असते. ‘मी निगेटिव्ह आहे’ या वाक्यात ही जागा उरत नाही. आलेली भावना तिथे माणसाची ओळख होऊन बसते. म्हणून समोरची व्यक्ती असे काही बोलली की तेच वाक्य ‘मला... वाटते आहे’ या रूपात पुन्हा म्हणून पाहा, असे मी सुचवते. हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल, पण हे रूपांतर करताना अनेकांचा श्वास बदललेला मी पाहिला आहे.

मनातून एखादी गोष्ट हद्दपार करण्याचा आटापिटा केला की काय होते, हे मानसशास्त्राने बरेच आधी तपासून ठेवले आहे. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगण्यात आले होते आणि तो विचार आलाच तर घंटी वाजवायची होती. घंटी तर वाजत राहिलीच. शिवाय नंतर जेव्हा त्यांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात ते अस्वल अधिक वेळा आले. भावनांच्या बाबतीत जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९७ मध्ये केलेले काम मला त्याहून महत्त्वाचे वाटते. चित्रफिती पाहताना मनातले चेहऱ्यावर दिसू देऊ नका, असे त्यांनी काही जणींना सांगितले. चेहऱ्यावरचे भाव खरोखरच कमी झाले, पण हृदय आणि रक्ताभिसरणावरचा ताण वाढला. दुःखद चित्रफीत पाहताना जाणवलेले दुःख दाबल्याने कमी झाले नाही. गमतीदार चित्रफितीतली मजा मात्र दाबल्याने कमी झाली. दाबण्याची सवय दुःखाला हात लावू शकत नाही आणि आनंदाला मात्र उणावते, ही गोष्ट मी समुपदेशनाच्या दालनात अगणित वेळा पाहिली आहे. ‘मला हल्ली रडूही येत नाही आणि हसूही येत नाही,’ असे सांगणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा अनेक वर्षे फक्त रडूच थोपवलेले असते.

याचा अर्थ मनात येईल ते ओकून टाकावे, असा कोणी घेऊ नये. राग साचू देऊ नका, उशीवर ठोसे मारा, मोठ्याने ओरडा, असाही सल्ला सर्रास दिला जातो. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याच्यामुळे राग आला त्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक शांत होण्याऐवजी अधिक चिडलेले आढळले. काहीही न करता बसून राहिलेल्यांची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी होती. दाबणे आणि उधळणे या दोहोंत एक साम्य आहे, ते म्हणजे भावना काय सांगते आहे हे ऐकायला दोन्हींमध्ये कोणी थांबत नाही.

ऐकण्याची सुरुवात नाव देण्यापासून होते, आणि इथे मला आपल्या भाषेविषयी थोडी तक्रार करायची आहे. खरे तर भाषेविषयी नव्हे, आपण तिला वापरायचे सोडून दिले आहे त्याविषयी. काय होते आहे असे विचारले की दहांतले आठ जण ‘टेन्शन’ म्हणतात. निकालाआधी वाटते ती धाकधूक, निर्णय होत नाही म्हणून होणारी घालमेल, बोलायचे राहून गेल्याची रुखरुख, चूक झाल्यावर लागलेली चुटपुट, कारण सापडत नाही अशी हुरहुर, घुसमट, उद्वेग, खिन्नता, वैताग, असूया या सगळ्यांची जागा आता एकट्या ‘टेन्शन’ने घेतली आहे. आणि यातल्या प्रत्येकीचे मागणे निराळे असते. रुखरुख असेल तर राहून गेलेले बोलणे अजूनही बोलता येईल का, हे पाहावे लागते. घालमेल असेल तर कागदावर दोन्ही बाजू मांडून काही उपयोग होतो. घुसमट असेल तर कोणाच्या तरी अपेक्षेला नाही म्हणायची वेळ आलेली असते. ‘टेन्शन’वर मात्र कोणाला काहीच करता येत नाही, ‘घेऊ नकोस’ एवढेच सांगता येते. भावनेला शब्द दिल्याने मेंदूतल्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया सौम्य होते, असे मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले आहे. आपल्याकडे तर भरताच्या नाट्यशास्त्राने आठ स्थायीभाव (मनात टिकून राहणारे), तेहतीस व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणारे) आणि आठ सात्त्विक भाव (घाम, अश्रू, रोमांच असे शरीरावर उमटणारे) अशी एकोणपन्नास नावे केव्हाच लावून ठेवली आहेत. त्या आठ स्थायीभावांत रती, हास, उत्साह आणि विस्मय यांच्या शेजारी शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा (किळस) हे चार भाव तितक्याच मानाने बसलेले आहेत, हे मला फार मोलाचे वाटते.

रागाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ‘नकारात्मक’ या शिक्क्याने सर्वाधिक नुकसान बहुधा रागाचे झाले आहे. लहानपणापासून ‘समजूतदार’ म्हणून वाखाणली गेलेली एक बाई माझ्याकडे आली, तेव्हा तिची तक्रार डोकेदुखीची आणि झोप न लागण्याची होती. घरातल्या आजारी माणसाची सगळी जबाबदारी भावंडांनी तिच्यावर सोपवली होती, आणि त्याविषयी काय वाटते असे विचारले की ती ‘काही नाही, माझे कर्तव्यच आहे’ असे म्हणून हसत असे. ‘मला राग येतो’ हे वाक्य तिच्या तोंडून निघायला कित्येक महिने लागले. ते उच्चारताना ती इतकी घाबरली की तिने लगेच माझी क्षमा मागितली. पुढच्या भेटींत आम्ही तो राग नेमका कशावर आहे ते उलगडत गेलो. आजारी माणसावर तो नव्हता, भावंडांवरही पूर्णपणे नव्हता. आपल्याला कोणी विचारलेच नाही, यावर होता. हे कळल्यावर तिने भावंडांना एकत्र बसवून, आवाज न चढवता, कामाची वाटणी मागितली. वाटणी सगळी मनासारखी झाली नाही. झोप मात्र लागू लागली. ‘राग सोडून द्या’ या सल्ल्याने तिला आणखी दहा वर्षे समजूतदार ठेवले असते.

मी स्वतःही हे सुरुवातीपासून जाणत नव्हते. कामाच्या पहिल्या वर्षांत समोरची व्यक्ती रडू लागली की मी घाईने पाण्याचा पेला पुढे करत असे, धीराचे दोन शब्द बोलत असे, आणि रडणे थांबले की आपले काम झाले असे समजत असे. अशाच एका प्रसंगी समोरच्या बाईंनी डोळे पुसले आणि ‘माफ करा, तुम्हाला त्रास झाला’ असे म्हणाल्या. त्या क्षणी मला कळले की दिलासा मी त्यांना देत नव्हते, त्यांचे रडणे सहन होत नसलेल्या स्वतःलाच देत होते. तेव्हापासून मी पाणी टेबलावर ठेवते आणि वाट पाहते. आपण घरात, कचेरीत, मित्रमंडळीत एकमेकांना ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतो, त्यातले किती वेळा समोरच्यासाठी असते आणि किती वेळा आपल्याच अस्वस्थतेसाठी, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विचार बदलल्याने भावना बदलतात, हे तत्त्व मी नाकारत नाही. माझे निम्मे काम त्यावरच उभे आहे. परंतु ज्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास या तत्त्वावर आधारलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, त्यांनी सर्व अप्रिय भावना पुसून टाकायला सांगितले नव्हते. नुकसान झाले तर वाईट वाटणे त्यांना निरोगी वाटे. खचून जाणे टाळावे असे ते सांगत. खचवणारा विचार मराठीत बहुधा एका ‘च’मध्ये सापडतो. ‘मला यश मिळावे’ या इच्छेत अपयशाचे दुःख सोसण्याची तयारी असते. ‘मला यश मिळायलाच हवे’ या हट्टात ती नसते. तो ‘च’ शोधणे हे कष्टाचे, सत्याला धरून करायचे काम आहे. आरशासमोर उभे राहून ‘मी आनंदी आहे’ असे घोकण्याशी त्याची गल्लत होऊ नये.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या लेखांत येणाऱ्या ‘२१ दिवसांत बदल’ या आश्वासनाविषयीही दोन वाक्ये लिहिते. हा आकडा १९६० मध्ये एका प्लास्टिक सर्जनने नोंदवलेल्या निरीक्षणातून आला. आपल्या बदललेल्या रूपाची सवय व्हायला रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यातला ‘किमान’ हा शब्द पुढे गळून पडला. लंडनमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साध्या रोजच्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात आणि व्यक्तीपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत जाऊ शकतो, असे दिसले. बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवून माझ्याकडे आलेल्यांना हे आकडे सांगितले की त्यांचे खांदे सैल होतात.

भावनेला जागा द्या असे सांगताना आजाराकडे दुर्लक्ष होऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळपास रोज आणि दिवसभर राहिले, झोप, भूक आणि कामावर परिणाम झाला, तर तज्ज्ञाकडे जावे. गरज असल्यास औषध घेण्यात मनाचा कोणताही कमकुवतपणा नाही. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी सकारात्मक विचारांचा उपदेश केवळ निरुपयोगी नसतो. त्यामुळे तो माणूस बोलायचा बंद होतो, हा त्यातला खरा धोका आहे.

म्हणून आपणास विनंती आहे की, पुरवणीतील लेखांत ‘नकारात्मक भावना’ऐवजी निदान ‘त्रासदायक’ किंवा ‘अप्रिय’ भावना असा शब्द वापरावा, शक्य तिथे त्या भावनेचे नेमके नावच लिहावे, आणि अशा प्रत्येक लेखाखाली मदत केव्हा घ्यावी हे चार ओळींच्या चौकटीत छापावे. चौकटीचा मजकूर तयार करण्यास किंवा तपासून देण्यास मी कोणत्याही मोबदल्याशिवाय तयार आहे.

आपली विश्वासू,
एक समुपदेशक
(व्यावसायिक गोपनीयतेसाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)