डीकमिटच्या आधीची एक ओळ

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही नांदेडला परत गेलात तेव्हा फोनवर नुसतं ‘थँक्यू दादा’ म्हणून मोकळी झाले. ते बरं वाटलं नाही, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

इतरांसाठी थोडं सांगते. आमचं काम लातूरच्या आडत दुकानांच्या हिशेबाचं. कोड जुना, म्हणून सबव्हर्जनमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली). आम्ही पोरं-पोरी त्याच कामाच्या नव्या प्रणालीवर, गिटवर, शिकलेल्या. २००० सालात सुरू झालेलं एक, २००५ सालचं दुसरं, आणि मधे दुवा गिट-एसव्हीएनचा. त्यातली ‘डीकमिट’ ही आज्ञा आमचे गिटमधले बदल सबव्हर्जनला पाठवते.

ऐन सोयाबीनच्या हंगामात हमाली-तोलाईच्या कपातीचं माझं अर्धवट काम ट्रंकवर, म्हणजे रोजच्या कामाच्या मुख्य कोडवर, जायच्या ऐवजी थेट रिलीजच्या शाखेत, म्हणजे वापरात द्यायच्या कोडच्या वेगळ्या प्रतीत, पडलं. मी मास्टरवरच, गिटमधल्या मुख्य शाखेवरच, होते हो! पण सकाळी रिलीज त्यात मर्ज केली होती, म्हणजे मिसळली होती; ती फास्ट-फॉरवर्ड झाली, म्हणजे मिसळल्याची वेगळी नोंद न होता मास्टर सरळ रिलीजच्या टोकावर सरकलं, आणि इतिहासातला शेवटचा गिट-एसव्हीएन-आयडी (बदल सबव्हर्जनमध्ये कुठला ते सांगणारी ओळ) रिलीजचा झाला. डीकमिट तो आयडी बघून वाट धरतं, शाखेचं नाव विचारत नाही. ऑफिसात सगळे म्हणाले, नीट वाचून काम करत जा.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. खुर्ची ओढून मागे बसलात, ‘रोज करतेस तसंच कर’ म्हणालात, आणि मी कुठं कुठं अडते ते वहीत टिपत राहिलात. लाईट गेली की मी क्लोन, म्हणजे सगळा कोड इतिहासासकट उतरवून घेणं, पहिल्यापासून सुरू करायचे, तेही टिपलंत. तिथंच फेच (बदल आणायची आज्ञा) परत चालवलं की राहिलेल्या रिव्हिजनपासून, म्हणजे नोंदीपासून, काम पुढं सरकतं, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी तुमची छोटी स्क्रिप्ट तयार. ड्राय-रनमध्ये, म्हणजे काही न पाठवता केलेल्या चाचणीत, बदल कुठं जाणार तो पत्ता असतोच, पण खालच्या लांबलचक हॅशच्या (बदलांच्या ओळख-क्रमांकांच्या) गर्दीत कुणाची नजर जाते तिकडं? आता डीकमिटच्या आधी मराठीत ओळ येते: ‘हे ३ बदल ट्रंकवर चाललेत. पाठवू का?’ ऑथर्स फाईलमध्ये, म्हणजे सबव्हर्जनमधलं कुठलं नाव कुणाचं त्या यादीत, नाव नसेल तर नुसतं अडून न बसता जोडायची ओळच हातात देते. मधे मर्ज दिसला तर आधी टोकते.

हमालीची दुरुस्ती परवा ट्रंकवर गेली. ‘पाठवू का’ वाचून मी दोनदा बघितलं, हे खरं.

लातूरला आलात की गंजगोलाईतला चहा माझ्याकडे. वही मात्र सोबत आणा. एक्स्टर्नल्सचे, म्हणजे सबव्हर्जनमध्ये दुसरीकडून जोडलेले, फोल्डर गिट-एसव्हीएन आणतच नाही, ते मी अजून हातानं कॉपी करतेय.

तुमची,
मागच्या टेबलावरची