डीकन निवडायचा तो आधी पारखून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती मंडळ्यांतील निवडणुकांचे वाद आणि त्यातून उभे राहणारे मालमत्तेचे दावे यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. मात्र ज्या ‘डीकन’ म्हणजे मंडळीच्या सेवकाच्या पदासाठी पुष्कळ ठिकाणी ही ओढाताण चालते, त्याचे मूळ काम कोणते, हे आता मंडळीतल्या तरुणांनाही सांगावे लागते.

बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत एक तक्रार उद्भवते. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ती तक्रार. प्रेषितांनी माणसे कशी असावीत एवढे सांगितले, निवड मंडळीवर सोपवली आणि निवडलेल्या सात जणांवर प्रार्थना करून हात ठेवले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव ही सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले. (तेथे या सातांना ‘डीकन’ असे म्हटलेले नाही, हे खरे, पण पदाची परंपरा तिथूनच सांगितली जाते.) पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की सेवक दुतोंडे, मद्यासक्त किंवा पैशाचे लोभी नसावेत आणि त्यांची प्रथम पारख व्हावी. हे ‘प्रथम’ आपण विसरलो आहोत.

माझे वडील 1970 पूर्वी नगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या मंडळीत डीकन होते. त्यांच्याजवळ एक लांबट वही असे. डाव्या बाजूला विधवांची, आजाऱ्यांची नावे आणि उजव्या बाजूला कोणाला किती पायली ज्वारी दिली, त्याची नोंद. धान्य ते शनिवारी दिवेलागणीनंतर पोचवत, कारण दिवसा नेले तर घेणारीला शेजाऱ्यांसमोर ओशाळे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. डीकन होण्याआधी दोन वर्षे ते जुन्या डीकनबरोबर नुसते फिरले होते.

सध्या मी ज्या स्वतंत्र मंडळीत जातो, तेथे मागच्या खेपेला उमेदवारांचे फोटो छापलेली पत्रके वाटली गेली, दोन पॅनेल उभी राहिली आणि भक्ती संपल्यावर तासाभरात मोजणी झाली. निवडून आलेल्या एका बंधूंना मी आमच्याच वस्तीत अंथरुणाला खिळून असलेल्या एका बाईंविषयी विचारले, तर त्यांना त्या बाईंचे घर माहीत नव्हते. या बंधूंना दोष देत नाही. घर दाखवायला त्यांना कोणी नेलेच नव्हते.

सर्व पंथांत डीकनचा अर्थ एकच नाही, याची मला कल्पना आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये डीकन हा बिशपच्या हातून दीक्षा घेतो आणि बहुधा पुढे प्रेसबिटर (पाळक) होतो. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थायी डीकनपद पुन्हा सुरू केले असून त्यासाठी विवाहित पुरुषही चालतो. माझे म्हणणे मतदानाने डीकन निवडणाऱ्या मंडळ्यांपुरते आहे. मतदान बंद करा, असे मी म्हणत नाही, कारण यरुशलेमातही निवड मंडळीनेच केली होती. तथापि नाव पुढे येण्यापूर्वी त्या व्यक्तीने किमान एक वर्ष विद्यमान डीकनबरोबर घरभेटी कराव्यात, आणि मदतनिधीचा जमाखर्च, घेणाऱ्यांची नावे वगळून, दर तीन महिन्यांनी भक्तीनंतर वाचून दाखवावा, एवढा नियम मंडळीच्या घटनेत घालायला काय हरकत आहे? आणखी एक. रोमकरांस पत्रात पौल फिबीला किंख्रियेच्या मंडळीची सेविका म्हणतो. तरीही आमच्या उमेदवारांच्या यादीत एकाही बहिणीचे नाव नव्हते. आजाऱ्यांकडे डबा घेऊन जातात त्या मात्र बहुतेक बहिणीच.

आमची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. घरभेटींच्या नियमाचा ठराव मी पाळकांकडे लेखी दिला असून, तो विषयपत्रिकेवर घ्यावा अशी विनंती केली आहे.

आपला विश्वासू,
मंडळीचा एक सभासद, अहिल्यानगर