उघड्या नडग्या

एडिसन, न्यू जर्सी
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय संज्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ धाडली नाही, मला माहीत आहे. माझी शुगर ताब्यात आहे, बाकी सगळे बरे. आता मुद्द्याचं. दुसऱ्या कुणाला हे सांगून कळायचं नाही.

रविवारी ओंकारला घेऊन हॅरिसनच्या स्टेडियमवर गेलो होतो. प्रीमियर लॅक्रॉस लीगची फायनल होती, न्यूयॉर्क ॲटलस आणि डेन्व्हर आउटलॉज. अख्खा उन्हाळा आमच्या घरात हीच लीग चालली होती. आठ संघ, आणि बहुतेक शनिवार-रविवारी सगळे एकाच शहरात उतरतात. पुढच्या आठवड्यात दुसरं शहर, जत्रेतल्या तमाशाच्या फडांसारखं.

दहा-दहा जण, हातात जाळीची काठी. हा इथल्या मूळच्या हौदेनोसौनी लोकांचा खेळ, ते त्याला देवाची देणगी मानतात. ॲटलसचा ट्रेव्हर बॅप्टिस्ट फेस-ऑफला वाकतो ना, तेव्हा मला तू दिसतोस. मधे जमिनीवर चेंडू, समोर दुसरा तसाच वाकलेला, शिट्टी झाली की नुसती झोंबाझोंबी. पण माझा जीव अडकतो गोलकीपरमध्ये. टणक रबरी चेंडू ताशी दीडशे किलोमीटरनं येतो आणि हा डोक्याला हेल्मेट, छातीला पॅड लावून उभा. खाली हाफ पँट आणि उघड्या नडग्या!

शाळेच्या संघात ओंकार तिथंच उभा राहतो. रात्री तो झोपला की मी त्याचं पांघरूण सारखं करायला जातो आणि वण बघतो. जुने पिवळे पडलेले, नवे जांभळे, चेंडूएवढे गोल. तुझी ढोपरं आठवतात. काकू हळद-तेल लावायच्या आणि तुझं बोंबलणं शनिवार पेठेपर्यंत ऐकू जायचं. मैदानात वाघ, हळदीला शेळी!

ॲटलस १४-१३ नं जिंकले, पहिल्यांदाच. लोक मैदानाकडे धावत होते, ओंकार जागचा हलला नाही. मग गाडीत म्हणाला, "बाबा, मला हेच करायचंय."

संज्या, यातले कितीतरी खेळाडू सोमवारी नोकरीवर जातात. कुणी शाळेत कोच, कुणी ऑफिसात. पॉल राबिल या खेळाडूनं भावाबरोबर ही लीग काढली तीच मुळी खेळाडूंना बरे पैसे मिळावेत म्हणून. २०१९ चा पहिला सीझन. त्याआधीची मेजर लीग २००१ पासून चालली आणि २०२० च्या शेवटी हिच्यात विलीन झाली. अशा खेळाच्या भरवशावर पोरानं आयुष्य काढायचं?

"आधी पोटापाण्याचं बघ" हे वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं. तेच वाक्य, जे मी तुला कऱ्हाडला प्रीतिसंगमावर ऐकवलं होतं. १९९७ ला तुझ्या खिशात कबड्डीच्या शिबिराचं पत्र होतं आणि त्याच आठवड्यात बँकेची परीक्षा. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली त्या रात्री तू फोन केलास, बोलला काहीच नाहीस, फक्त टीव्हीचा आवाज मोठा केलास.

त्या वाक्यावरून आपण दोन वर्षं बोललो नव्हतो. तू म्हणायचास, तू सल्ला दिलास. मी म्हणायचो, तू विचारलास. आज लिहून देतो, तू विचारलं नव्हतंस. मीच घाबरलो होतो, तुझ्या वतीनं.

ओंकारला मी काही म्हणालो नाही. घर येईपर्यंत गाडी चालवत राहिलो. तो वाट बघतोय आणि मला दोन्हीकडून भीती वाटते, हो म्हणायची आणि नाही म्हणायचीही.

पिंकीच्या ॲडमिशनचं काय झालं? घराला रंग दिलास का? काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार सांग.

आणि तू ओंकारशी बोल. माझी बाजू घेऊ नकोस. बँकेनं तुला काय दिलं तेही सांग आणि त्या पत्राचं तू काय केलंस तेही. मला ते कधी सांगितलं नाहीस, त्याला सांग. शनिवारी सकाळी दहाला तो फोन करेल, तुझ्याकडे साडेसात झालेले असतील. उचल.

तुझा,
विन्या