रिकंडिशन म्हणून पाठवलेला डिझेल पंप चुकीचा निघाला आणि वर वॉरंटीही नाकारली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर आणि वॉरंटी विभाग

नमस्कार,

माझ्या जुन्या डिझेल पिकअपसाठी तुमच्याकडून रिकंडिशन केलेला फ्युएल इंजेक्शन पंप मागवला होता, त्याची वॉरंटी तुम्ही "स्टिकर काढलेला आहे" एवढ्या एका ओळीत नाकारलीत. पावती, फोटो, व्हिडिओ सगळं सोबत जोडलंय. फोनवर हेच सगळं सांगून झालंय पण दरवेळी वेगळा माणूस आणि दरवेळी पहिल्यापासून सुरुवात, म्हणून आता लेखी देतोय. शक्य असेल तर ज्याने स्वतःच्या हाताने पंप उघडलाय अशा माणसाला हे वाचायला द्या, नुसत्या तिकीट नंबर देणाऱ्याला नको.

आधी जुन्या पंपाचं सांगतो. गाडीला मूळचा बॉश व्हीई टाइपचा रोटरी पंप आहे. त्याच्या शाफ्टचा सील गळायला लागला होता, वरच्या कव्हरमधूनही डिझेल पाझरत होतं, पण खरा त्रास वेगळाच होता, थंड इंजिन व्यवस्थित सुरू व्हायचं आणि गरम झाल्यावर बंद केलं की मग कितीही सेल्फ मारा, घेतच नाही. पंपाच्या हेडवर ओलं फडकं टाकून थांबलं की परत सुरू. म्हणजे आत डिझेल दाबून सोडणारा दांडा, प्लंजर, आणि तो ज्यात बसतो ते हेड झिजलेत, गरम डिझेल पातळ होऊन फटीतून निसटतंय आणि सेल्फच्या स्पीडला नोझल उघडण्याएवढं प्रेशर बनत नाही. नुसते सील बदलून हे जाणारं दुखणं नाही म्हणून पूर्ण पंप बदलायचं ठरवलं. तुमच्या साइटवर माझ्या पंपाचा पूर्ण नंबर टाकूनच ऑर्डर केली आणि "नंबर मॅच, टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट केलेला, रिपोर्टसकट" असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे, त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय.

आता पार्सलमध्ये काय आलं ते बघा. डिझेल आत येतं त्या तोंडाला आणि चारही पाइपच्या तोंडांना टोप्या असायला हव्या होत्या, त्यातल्या दोन डब्याच्या तळाशी पडलेल्या होत्या. ज्या पंपात मायक्रॉनच्या हिशोबाने फिटिंग असतं तो असा उघड्या तोंडाने पाठवायचा असतो का? पण ते एक वेळ सोडून देतो, मेकॅनिकने सगळं साफ करून घेतलं. टेस्ट रिपोर्ट म्हणून जो कागद होता तो झेरॉक्सची झेरॉक्स, त्यावरचा नंबर माझ्या ऑर्डरशीही जुळत नाही आणि पंपावरच्या स्टिकरशीही नाही, आणि वेगवेगळ्या आरपीएमला डिझेल किती सोडलं, आतलं प्रेशर किती, टायमिंग पुढे-मागे करणारा अॅडव्हान्सचा पिस्टन किती सरकला, हे सगळे रकाने कोरे. नुसता शिक्का आणि सही!

तरी बसवला. बसवणारा मेकॅनिक डिझेल पंपाचंच काम करणारा आहे, हे मुद्दाम सांगतोय कारण तुमचा एक जण मला म्हणाला की बाहेरचे लोक अंदाजाने बसवतात. एक नंबर सिलिंडर टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर येतो तिथे, लावला, पुलरने शाफ्ट गिअरमधून सोडवला, शाफ्टवरची चावी खाली टायमिंग कव्हरमध्ये पडू नये म्हणून आधीच फडकं कोंबून ठेवलं होतं. नवीन पंप चढवल्यावर चार पाइपांच्या मधला प्लग काढून डायल गेज लावला, इंजिन उलटं फिरवून काटा हलायचा थांबला तिथे झिरो केला, मग टीडीसीला आणून प्लंजर किती उचलला ते वाचलं आणि इंजिनच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तो बरोबर येईपर्यंत पंपाची बॉडी हळूहळू फिरवत आणली. तांब्याचे वायसर सगळे नवीन टाकले. रिटर्नचा बोल्ट, ज्यावर आउट लिहिलेलं असतं आणि ज्यात बारीक भोक असतं, तो आउटलाच आहे, इनला लागलेला नाही, त्याचाही फोटो आहे कारण मला तुमचा पुढचा प्रश्न आता पाठ झालाय.

सेल्फ मारला तर नोझलच्या पाइपला डिझेलच नाही. हवा काढून झाली, परत तेच. मग चावी ऑन करून पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडवर, म्हणजे करंट मिळाला की डिझेलची वाट उघडणाऱ्या विजेच्या वॉल्व्हवर, हात ठेवला तर टक आवाजच येत नाही. बॅटरीचा करंट येतोय, टेस्टरने बघितला. सोलेनॉइड पुसून बघितलं तर त्यावर २४ व्होल्ट छापलेलं! माझी पिकअप १२ व्होल्टची आहे, ऑर्डरच्या फॉर्ममध्येही १२ लिहिलेलं आहे. तुम्हाला फोन लावला तर तुमचा टेक्निकल सपोर्टवाला म्हणाला की काही टेन्शन नाही, जुन्या पंपाचं सोलेनॉइड काढून याला लावा. लावलं, गाडी सुरू झाली. तेव्हाच मेकॅनिक म्हणाला होता की हा पंप दुसऱ्याच कुठल्या मशीनवरून आलेला दिसतोय.

आणि झालंही तसंच. गाडी उभी असताना एकदम गुळगुळीत चालते, पण रस्त्यावर घेतली की तिसऱ्या गिअरला जरा वर गेली की कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा नाहीतर सोडा, पुढे जायचं नावच नाही.

यावर तुमचं पहिलं उत्तर, हवा घेत असेल. इनलेटला पारदर्शक पाइप लावून व्हिडिओ पाठवला, एकही बुडबुडा नाही. दुसरं उत्तर, टायमिंग लेट असेल. लेट असतं तर थंडीत पांढरा धूर मारला असता आणि सुरू व्हायला त्रास दिला असता, इथे अर्ध्या सेल्फला सुरू होते आणि धूर नाहीच, शिवाय गेजचं रीडिंग तुमच्याकडे आहे. तिसरं उत्तर, नोझल खराब असतील, ते पण टेस्टरवर लावून बघितले, चारही बरोबर प्रेशरला उघडतात आणि फवारा छान मारतात. चौथा माणूस तर म्हणाला की वरचा मॅक्स स्पीडचा स्क्रू बाहेर घ्या, जमेल. त्या स्क्रूला तार ओवून सील लावलेलं असतं आणि ते तोडलं की वॉरंटी गेली असं तुमच्याच कार्डावर छापलंय, म्हणजे तुमच्याच माणसाच्या सांगण्यावरून तोडायचं आणि मग तुम्हीच सील दाखवून हात वर करायचे! मी त्याला हात लावलेला नाही, सीलचा फोटो बघा.

शेवटी मेकॅनिकने क्रँक पुलीला चमकणारी पट्टी चिकटवून टॅकोमीटर धरला. न्यूट्रलला पूर्ण रेस दिली तर इंजिन २६०० च्या आसपास जाऊन तिथेच थांबतं, ना झटके ना धूर ना मिसिंग, लोडवर थोडं आधीच, २५०० ला. हवा असती किंवा डिझेल कमी पडत असतं तर इंजिन असं एका आकड्यावर शहाण्यासारखं थांबलं नसतं, गचके दिले असते. हे गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा स्पीड ठराविक आकड्यापुढे जाऊ न देणारा पंपातला भाग, डिझेल तोडतोय, दुसरं काही नाही. तेव्हा मग पंपावरचा तुमच्या कंपनीचा स्टिकर, जो एका कोपऱ्यातून आधीच सुटलेला होता, तो उचलून बघितला आणि त्याच्याखाली पंपाची मूळ प्लेट सापडली.

माझ्या जुन्या पंपाच्या प्लेटवर आहे व्हीई ४/१० एफ २१०० आर. तुमच्या स्टिकरवरही तेच छापलंय. आणि स्टिकरखालच्या प्लेटवर आहे व्हीई ४/१० एफ १२५० आर. यातला ४ म्हणजे सिलिंडर, १० म्हणजे प्लंजरचा व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे मेकॅनिकल गव्हर्नर, त्यापुढचा आकडा म्हणजे पंपाचं रेटेड आरपीएम आणि आर म्हणजे उजवीकडे फिरणारा. फोर स्ट्रोक इंजिनात पंप क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो, म्हणजे माझा पंप इंजिनच्या ४२०० आरपीएमसाठी आणि तुम्ही पाठवलेला २५०० साठी. तो बहुतेक कमी स्पीडवर चालणाऱ्या इंजिनाचा, कुठल्यातरी मशीनचा असणार, २४ व्होल्टचं सोलेनॉइड पण म्हणूनच. तिथे तो चांगला चालेल, पंप वाईट आहे असं माझं म्हणणंच नाही. तो माझा नाही आणि तुम्ही दुसऱ्याचं नाव चिकटवून तो मला विकलात, एवढंच म्हणणं आहे. खऱ्या टेस्ट बेंचवर माझ्या नंबरचा चार्ट लावून एकदा जरी फिरवला असता तरी १२५० च्या पुढे डिझेल तुटतंय हे तिथेच दिसलं असतं. म्हणून टेस्ट केलेलाच नाही असं मी म्हणतोय आणि हे खोडायचं असेल तर भरलेला रिपोर्ट दाखवा.

यावर तुमचं उत्तर काय, तर स्टिकर काढल्यामुळे वॉरंटी रद्द. अहो स्टिकर काढला म्हणूनच तर कळलं ना.

अजून एक. जुना पंप तुम्हाला परत पाठवला, त्याच्यापोटी ठेवलेलं डिपॉझिट तुम्ही पूर्ण परत करायला हवं होतं, ते निम्मं कापलंत आणि कारण दिलंत "स्टॉप सोलेनॉइड गायब". ते सोलेनॉइड तुमच्याच माणसाच्या सांगण्यावरून तुमच्याच पंपावर बसलेलं आहे, तुमचं २४ व्होल्टवालं माझ्याकडे पिशवीत पडलंय. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमचं मशीन प्रत्येक वेळी सांगतं, तर तो कॉल काढून ऐका.

मला हवंय ते असं. माझ्या मूळ नंबरचा, खरा टेस्ट केलेला पंप, १२ व्होल्टच्या सोलेनॉइडसकट आणि त्याच पंपाच्या भरलेल्या रिपोर्टसकट, किंवा मग पूर्ण पैसे परत. दोन्हीपैकी काहीही झालं तरी कापलेलं डिपॉझिट पूर्ण हवं, चुकीचा पंप परत पाठवायचा खर्च तुमचा आणि एकच काम दोनदा करावं लागतंय त्यामुळे मेकॅनिकची दुसऱ्या वेळची मजुरीही तुमची, त्याची पावती पाठवेन. दुसऱ्या कोणाचा पंप मिळतोय का ते मी बघतोय कारण गाडी रोजच्या कामाची आहे, त्यामुळे नवीन पाठवणार असाल तर आधी प्लेटचा फोटो पाठवा, स्टिकरचा नको, आणि मी हो म्हटल्यावरच माल सोडा.

चुकीचा पंप उतरवून ठेवलाय, सगळी तोंडं टोप्या लावून बंद केलीत, प्लेट आणि स्टिकर दोन्ही दिसतील असे फोटो काढलेत. तुमचं लेखी कबूल होईपर्यंत तो माझ्याकडेच राहील. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर हीच फाइल ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे देणार आहे. उत्तर मेलवरच द्या, फोन करू नका.

तुमचा ग्राहक
(नाव आणि ऑर्डर नंबर सोबतच्या पावतीवर आहे)