कळप वळवून नेणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

समोर बोललो असतो तर तुम्ही हात झटकून चालू लागला असतात, म्हणून लिहितोय.

तुमच्या आधी आमच्या माळावर बरेच जाणकार येऊन गेले. एकाने ‘पडीक’ म्हणून होतं ते गवत यंत्र लावून मुळासकट काढलं. दुसऱ्याने खड्डे पाडून रोपं लावली. रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. फलक मात्र अजून खणखणीत उभा आहे. तुम्ही बांधावरून नुसतं बघितलंत आणि म्हणालात, “हा गवताचा माळ हाय. झाडं कशाला? गवत येऊ द्या.”

एका एकरावर 25 मिमी पाऊस झाला तर साधारण 1 लाख लिटर पाणी होतं. आमचं ते माती घेऊन ओढ्याला मिळायचं. आता उताराला आडवे चर आहेत, त्यांच्या भरावावर मारवेल आणि पवना ही गवतं धरलीत, आणि ओढ्याला जाणारं पाणी बरंच नितळ असतं. ह्याचं श्रेय घ्यायला फलकवाले येतीलच. येऊ देत.

मला मात्र वेगळंच आठवतं. गवताला कोंब फुटले त्या पावसाळ्यात कुणी न सांगता तुम्ही कळप माळाला लांबचा वळसा घालून न्यायला लागलात. आणि गवत पिकल्यावर एकदा बांधावर बसून घोंगडीत नि लोकरीत अडकलेली कुसळं एकेक वेचून आमच्या चरात टाकत होतात. मी विचारलं, तर एक कुसळ तळहातावर घेऊन थुंकीनं ओलं केलंत. ते गर्रकन फिरलं. भिजलं-वाळलं की असंच पीळ सोडत-घेत दाणा स्वतःच मातीत घुसतो म्हणालात. एवढं साधं आम्हाला आधी कुणी दाखवलं नव्हतं, बैठका तर ढीगभर झाल्या.

मेंढरं दिसली की दगड उचलणारे आम्हीच जमीनवाले. तरी तुम्ही परक्याच्या मातीसाठी स्वतःच्या जनावरांची पायपीट वाढवलीत. अशी माणसं कुठल्या समितीवर नसतात, हेही खरंच.

यंदा बी झडून गेलं की कळप घेऊन या. वाळलेलं गवत तसंच राहिलं तर नवे फुटवे गुदमरतात, हे तुम्हीच सांगितलंय. वरचा तुकडा तुमच्यासाठी राखून ठेवलाय. नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
माळवाला