लांडग्यामागून गेलेली माणसं

प्रिय सुहास,
स.न.वि.वि.

गेल्या पत्रात तू विचारलं होतंस, एखाद्या जमातीला नाव पडतं तरी कसं? तेव्हापासून हिर्पिनी माझ्या डोक्यातून जात नाहीत. प्राचीन इटलीत, नेपल्सच्या पूर्वेला, अपेनाइनच्या डोंगरांत राहणारे हे लोक. तिथल्या सॅम्नाइट नावाच्या लोकांपैकीच, भाषा ऑस्कन. त्यांच्यात लांडग्याला 'हिर्पुस' म्हणत. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, नव्या मुलखाकडे निघाले तेव्हा लांडग्याने वाट दाखवली, म्हणून ते हिर्पिनी.

पण घर सोडून निघायचंच का? सॅम्नाइटांची हकीकत त्यानेच दिली आहे. त्यांचे पूर्वज सबाइन. त्यांनी लढाईत नवस केला, यंदा जे जन्मेल ते देवाचं. जिंकले, नवस फेडला, तरी पुढे दुष्काळ पडला. कुणीतरी म्हणालं, मुलंही वाहायला हवी होती. मग त्या वर्षीची मुलं मार्स देवाच्या नावाने सोडली. मारली नाहीत. वाढवली, आणि मोठी झाल्यावर शिवेबाहेर धाडली. या प्रथेला 'पवित्र वसंत' म्हणत. निघताना त्यांची तोंडं वस्त्राने झाकत, असंही एका रोमन कोशात आहे. सुहास, मला त्या आयांचंच वाटत राहतं. रोज जेवू घालायचं, आणि हा आपला नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत.

त्या मुलांपुढे बैल चालत होता. तो जिथे बसला तिथे त्यांनी वस्ती केली आणि त्याचाच बळी दिला. पिकेंटी लोकांना सुतारपक्ष्याने नेलं, लॅटिनमध्ये 'पिकुस'. आपल्या सुभाषितांतला 'पिक' म्हणजे कोकीळ, तो याच शब्दाचा भाऊबंद!

आणि हे वाचून तर मी उठून उभाच राहिलो: 'इटली' हे नावही वासरावरून आलं, असं बरेच अभ्यासक मानतात. ऑस्कनमध्ये 'वितेलिउ'. लॅटिन 'वितुलुस', संस्कृत 'वत्स', आपलं 'वासरू', सगळ्यांचं मूळ एकच, वर्षाचं पिल्लू.

इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतल्या जमाती रोमवर उलटल्या, हिर्पिनीही त्यांत होते. त्या बंडाच्या एका नाण्यावर बैल लांडग्याला शिंगाने भोसकतोय. बैल म्हणजे इटली, लांडगा म्हणजे रोम. लांडग्याचंच नाव लावणारे लोक त्या बैलाच्या बाजूने लढले, याने मी फार हललो.

अव्हेलिनोच्या आसपासच्या मुलखाला आजही इर्पिनिया म्हणतात. भेटलास की त्या नाण्याचा फोटो दाखवतो. बैलाचं शिंग कुठे रुतलंय ते नीट बघ.

तुझा,
माधव