अपघात विभागात तिला एकटीला विचारा

महोदय,

घरात मारहाण झालेल्या बाईची बातमी आली की चर्चा पोलीस आणि न्यायालयाभोवती फिरते. तक्रार घेतली का, कलम कोणते लावले, आरोपी सापडला का. मी ग्रामीण रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी दवाखान्यात येऊन गेलेली असते, आणि तिथे तिला कोणी नीट विचारलेले नसते. हे बदलायला हवे, एवढ्याचसाठी हे पत्र.

केसपेपरवर ‘पाय घसरून पडल्याने’ असे लिहिलेले असते. मोरीत पडले, जिन्यावरून पडले, म्हशीने ढुशी दिली. ड्रेसिंग करताना वेगळेच दिसते. पडणारा माणूस हात टेकतो, म्हणून बहुतेक वेळा खरचटते ते तळव्याला आणि गुडघ्याला. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात आडवा धरला, तर वळ उठतो करंगळीच्या बाजूने, मनगटापासून कोपरापर्यंत. ताज्या काळ्यानिळ्या वळाशेजारी जुना, पिवळट पडलेला वळ असतो. कधी एका कानाने ऐकू येत नाही म्हणून ती येते आणि पडदा फाटलेला निघतो. नवरा नाहीतर सासू खाटेला खेटून उभी. डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात, “काय झालं बाई?” उत्तर तिच्याऐवजी नवराच देतो. धनुर्वाताचे इंजेक्शन, दुखण्याच्या गोळ्या, पुढचा पेशंट.

रात्रपाळीला एक डॉक्टर आणि दोन सिस्टर असतात, सर्पदंश आणि बाळंतपण एकाच वेळी येते, हे मला माहीत आहे. पण हे काम रुग्णालयावर कायद्यानेच सोपवलेले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 सालचा. 26 ऑक्टोबर 2006 पासून तो नियमांसह लागू आहे. त्याचा 17 वा नियम सांगतो की आधी अहवाल नोंदवला नाही या कारणावरून कोणत्याही रुग्णालयाने पीडित बाईला उपचार नाकारायचे नाहीत. असा अहवाल झालेला नसेल, तर रुग्णालयाच्या प्रमुखाने नमुना क्रमांक 1, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, भरून या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यायची. मी ज्या रुग्णालयांत काम केले, तिथल्या कपाटांत जन्ममृत्यूपासून लसीकरणापर्यंत सगळे छापील नमुने होते. हा नमुना मला तिथे दिसला नाही.

या कागदाचे मोल बायकांना माहीत नसते, कारण त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात: गुपचूप नांदायला जा, नाहीतर पोलीस केस करून संसार मोडा. 2005 चा कायदा मधली वाट देतो. त्यासाठी आधी गुन्हा दाखल झालेला असावा लागत नाही. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ती त्याच घरात राहण्याचा हक्क मागू शकते, त्याने मारहाण करू नये किंवा जवळ येऊ नये असा आदेश मागू शकते, खर्चाला पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागू शकते. गरज दिसली तर न्यायालय अंतरिम आदेश लगेच देऊ शकते. तो मोडला तर मात्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला बाहेर काढता येते, हा समजही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये खोडून काढला. तात्पुरती माहेरी राहत असली तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून तर पहिल्या दिवसाचा कागद पक्का हवा.

एमएलसीचे, म्हणजे ‘मेडिको-लीगल केस’ या नोंदीचेही तसेच. ‘एमएलसी करू नका सिस्टर, पोलीस घरी येतील’ अशी विनवणी नेहमी ऐकू यायची. एमएलसी म्हणजे तिने दिलेली फिर्याद नव्हे, ती जखमेची नोंद आणि पोलिसांना दिलेली सूचना असते, हे तिला शांतपणे सांगावे लागते. आज तिला तक्रार करायची नसेल. दोन वर्षांनी करावीशी वाटली, तर ‘पडल्याने’ लिहिलेला केसपेपर तिच्याच विरुद्ध उभा राहतो.

हे काम होऊ शकते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. कर्मचाऱ्यांना अशा खुणा ओळखायला शिकवले आणि समुपदेशक रुग्णालयातच बसवली. पुढे मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही ते गेले. तालुक्याच्या ठिकाणी हे का पोहोचू नये? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चार विवाहित स्त्रियांमागे साधारण एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. देशभरात हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागितली ती केवळ 14 टक्के जणींनी, तीही बहुतेक नातेवाइकांकडे. डॉक्टरांकडे मदत मागणाऱ्या अगदी तुरळक.

समुपदेशक येईपर्यंतही बरेच करता येते. ‘ड्रेसिंगच्या खोलीत फक्त पेशंट’ असा नियम सरसकट लावला की नवरा बाहेर थांबतो आणि त्याला संशयही येत नाही. मग दार लावून सरळ विचारायचे, “घरात कोणी हात उगारतं का?” माझा अनुभव असा की पहिल्या खेपेला बाई बहुधा नाही म्हणते, पण प्रश्न लक्षात ठेवते आणि कधीतरी स्वतःहून येते. तिच्या पिशवीत माहितीपत्रक घालू नये, घरी झडती होते. केसपेपरवर पुन्हा ड्रेसिंगची तारीख टाकावी आणि त्या दिवशी संरक्षण अधिकाऱ्याला किंवा समुपदेशकाला बोलावून ठेवावे. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, बँकेचे पासबुक यांच्या प्रती विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवायला सांगावे. तणनाशक ‘चुकून’ प्यालेल्या बाईला घरी सोडण्याआधी तर हे बोलणे झालेच पाहिजे.

मुलाने दारूसाठी मारलेल्या म्हाताऱ्या आयाही याच खाटांवर येतात. त्यांना कोणी विचारतच नाही, आणि त्या सुनेवर ढकलून मोकळ्या होतात. हा कायदा त्यांनाही लागू आहे, विधवा बहिणीला आणि लग्नाशिवाय सोबत राहणाऱ्या बाईलाही.

जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात नमुना क्रमांक 1 ठेवण्याचा लेखी आदेश काढावा. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर बायकांच्या शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा, तिथे ती एकटी असते. आणि आपणही एक करावे. पंचांग आणि सोन्याचा भाव रोज छापता, त्याशेजारी चार ओळी द्याव्यात. तातडीला 112. महिला हेल्पलाइन 181, दिवसरात्र. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरण 15100, स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. आणि आपल्या जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता, जिथे उपचार, पोलीस, वकील आणि पाच दिवसांपर्यंत मुक्काम एकाच ठिकाणी मिळतो.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका, जि. सोलापूर